कोपर पडू देऊ नकोस

पुणे,
२२ जून २०२५

ती. बाबांना पुष्पांजलीचा सा. न., वि. वि.

मला क्रीडा वसतिगृहाच्या फाटकाशी सोडून तुम्ही परत फिरलात त्याला आज आठ दिवस झाले. तुम्ही एकदाही मागे वळून पाहिलं नाहीत, म्हणून मला राग आला होता. मग वाटलं, वळला असतात तर मी पळत आले असते आणि पेटी तिथेच राहिली असती.

इथे मोबाईल पहिल्याच दिवशी कपाटात बंद झाले. रविवारी दहा मिनिटं मिळतात, त्यातली सात मागे उभ्या मुलींच्या आवर आवरमध्ये जातात. आमच्या तिरंदाजीच्या मॅडम म्हणाल्या की घरची आठवण आली तर पत्र लिहा, मन मोकळं होतं. बाकीच्या हसल्या. मी त्याच दिवशी पोस्टाची पाकिटं मागवून घेतली. खोलीतल्या तिघी पुण्या-साताऱ्याकडच्या आहेत. परवा मी मले भूक लागून राह्यली असं म्हटलं, तर तिघी हसत सुटल्या. मनाने वाईट नाहीत. पण तेव्हापासून बोलायच्या आधी मी वाक्य मनात एकदा म्हणून पाहते.

मैदान मात्र असं आहे की तुम्ही पाहतच राहाल. आपल्या कांद्याच्या वावरात धुऱ्याच्या बांधावर पेंढ्या रचून केलेलं आपलं टार्गेट, आणि इथे साठ मीटरवर ओळीने बारा. पहिल्याच चाचणीत बहात्तर बाणांत मला ६३८ गुण पडले. मॅडमनी विचारलं की शिकवलं कोणी. मी म्हटलं, मेहकरच्या शाळेतल्या सरांनी धनुष्य हातात दिलं, पुढचं बाबांनी पाहिलं.

बाबा, तुम्ही पत्र लिहा. फोनवर तुम्ही नुसतं हं हं करता. तुमचं पत्र भात्याच्या कप्प्यात ठेवीन आणि रोज सराव सुरू व्हायच्या आधी वाचीन.

आईला नमस्कार, धाकट्या छकुलीला गालगुच्चा. माझं अर्धं लक्ष तिकडेच आहे, तेवढं सांभाळून ठेवावं.

तुमची,
पुष्पा


हिवरा आश्रम, ता. मेहकर
३ जुलै २०२५

॥ श्री गजानन महाराज प्रसन्न ॥

चि. पुष्पांजली हिस बाबांचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. ६३८ ही काय सांगायची गोष्ट आहे का! मी अख्ख्या गावाला सांगितली. गिरणीवर दळणाला आलेल्या बायांनासुद्धा सांगितली. त्यांना ६३८ कशातले ते कळलं नाही, पण छान म्हणाल्या.

पेरणी आटोपली. खालच्या वावरात सोयाबीन, मध्ये तुरीच्या ओळी. छकुली तुझ्या जागेवर झोपते आणि तुझी चादर कोणाला देत नाही. तुझी आई रोज विचारते की पोरीले तिथं दूध भेटते का. मी काय पुण्याचा दूधवाला आहे?

मी रिकामा बसलेलो नाही. मेहकरहून दोनशे पानी वही आणली आहे. मोबाईलवर परदेशातल्या तिरंदाजांचे व्हिडिओ पाहतो, भाषा कळत नाही पण हात-खांदे तर दिसतात ना. थांबवून थांबवून पाहतो आणि लिहून काढतो. तुझी आई म्हणते, एवढा अभ्यास बारावीत केला असता तर आज बँकेत असता. आता लक्ष देऊन वाच. दोरी ओढताना कोपर पडू देऊ नकोस. खांदा कानाकडे चढवू नकोस. बोटं सैल. श्वास अर्धा सोडून मग थांबायचं. ओढताना हे चारही मनात म्हणत जा.

जेवत जा. आमची आठवण काढ, पण उचकी लागेल एवढी नको.

तुझा,
बाबा (भगवंत)


पुणे,
२७ जुलै २०२५

ती. बाबांना सा. न., वि. वि.

तुमचं पत्र मिळालं आणि दहा वेळा वाचून झालं. घडीवर फाटायला आलं म्हणून चिकटपट्टी लावली आहे. तुमचं अक्षर पाहिलं की वाटतं तुम्ही मागेच उभे आहात, हात पाठीशी बांधून, एक डोळा मिटून. तुम्ही का मिटायचा डोळा, बाण तर मी मारायची!

सूचना वाचते आणि ओढताना चारही म्हणते. मॅडमनी एकदा विचारलं की ओठ का हलतात. मी म्हटलं, देवाचं नाव घेते. खोटं बोलले, पण फार खोटं नाही.

एक गंमत झाली. धनुष्याला पातळ पट्टी असते, बाण पुरता मागे ओढला की ती टिक् वाजते आणि मग सोडायचं, हे तुम्हाला माहीतच आहे. दोन वर्षांत मी त्या टिकच्या आधी कधी सोडला नव्हता. या आठवड्यात पाच वेळा सुटला. कोपर आठवला, खांदा आठवला, आणि तेवढ्यात बोटंच सुटली. गुण ६११. मॅडम म्हणाल्या, होतं असं. तुम्ही काळजी करू नका, पण काही सुचलं तर लिहा.

इथल्या वरणात गूळ असतो. कोणालाच त्याचं काही वाटत नाही.

छकुलीला माझी चादर दिली म्हणून सांगा. आईला नमस्कार. पत्राला उशीर झाला तर मी रुसेन, पण तिकडे दिसणार नाही, एवढीच अडचण.

तुमची,
पुष्पा


हिवरा आश्रम
८ ऑगस्ट २०२५

॥ श्री गजानन महाराज प्रसन्न ॥

चि. पुष्पांजलीस अ. उ. आ.

६११ वाचून मला घास गेला नाही. तुझी आई म्हणाली, सत्तावीस गुण कमी झाले तर काय आभाळ कोसळलं काय. तिला काय सांगायचं! मी दुसऱ्या दिवशी शेगावला गेलो. दर्शनाच्या बारीत तीन तास उभा राहिलो आणि महाराजांना सांगितलं की पोरीचा हात धरा. परत येताना बसमध्ये आठवलं की हात धरला तर ती बाण कसा सोडेल. मग मनातल्या मनात पुन्हा सांगितलं की धरू नका, नुसतं जवळ उभे राहा.

वही आता निम्मी भरली. मला वाटतं, तू चार सूचना पाळतेस त्या पुऱ्या पडत नाहीत. या पत्रासोबत वेगळ्या कागदावर अकरा लिहिल्या आहेत. पाय किती अंतरावर, कंबर, मान, हनुवटीला दोरी कुठे टेकावी, डाव्या हाताचा अंगठा, सगळं आहे. बाण मारण्याआधी अकराही एकदा म्हणून घे. आणि मुख्य म्हणजे टिक् वाजायच्या आत सुटू देऊ नकोस. सुटू देऊ नकोस म्हणजे नकोसच. कोपर पडू देऊ नकोस.

सोयाबीन गुडघ्याएवढं झालं. इकडे सगळे खुशाल, तिकडची खुशाली गुणांसकट कळवावी.

तुझा,
बाबा


पुणे,
३१ ऑगस्ट २०२५

ती. आईस पुष्पाचा नमस्कार, वि. वि.

हे पत्र तुझ्या नावाने आहे आणि तुझ्यापुरतंच आहे. बाबांना सांगू नकोस.

आज आपल्याकडे महालक्ष्म्या बसल्या असतील. उद्या सोळा भाज्यांचा नैवेद्य. मी सकाळपासून त्या सोळा भाज्या आठवते आहे, चौदाच्या पुढे जात नाही. पोळ्याला पुरणपोळी इथेही झाली, पण बैल नव्हता, छकुली नव्हती. मला खूप आठवण येते, आई. सारखी येते.

आई, माझा बाण सुटत नाही. आधी लवकर सुटायचा. आता पट्टी वाजते, टिक् ऐकू येतं, आणि बोटं उघडतच नाहीत. शेवटी बाण न सोडताच दोरी सैल करावी लागते. सहा बाणांना चार मिनिटं मिळतात, त्यात कधी कधी माझे चारच होतात. मागच्या रविवारी बाहेरच्या मुलींसोबत स्पर्धा होती. मी ५४२ वर आले. ज्या मुलीला मीच धनुष्य धरायला मदत करायची, ती माझ्या पुढे गेली.

मॅडमनी जवळ बसवून विचारलं की ओढताना डोक्यात काय चालू असतं. मी सांगितलं की बाबांचा आवाज. कोपर, खांदा, मान, अंगठा, कोपर. मॅडम म्हणाल्या, जे हाताला दोन वर्षांपासून येतं ते भीतीपोटी डोक्याने करायला गेलं की हात अडतो, जिना उतरताना प्रत्येक पायरीला पाय कसा टाकू असं विचारलं तर माणूस पडायचाच. त्या म्हणाल्या, तो कागद भात्यातून काढ. मला काढवत नाही. इथे घरचं असं माझ्याजवळ तेवढंच आहे. आणि बाबांना काय तोंडाने सांगू की तुमची पत्रं वाचून माझा नेम जातो?

पाच ऑक्टोबरला निवड चाचणी आहे. ६२० च्या खाली आले तर जागा जाते, घरी पाठवतात. आणि खरं सांगू का, कधी कधी वाटतं पाठवू देत. मग त्याचीच लाज वाटते. धनुष्य सोडून मला दुसरं काही येत नाही ग.

तुझ्या पदराला हात पुसायला मिळत नाहीत, बाकी सगळं ठीक.

तुझी,
पुष्पा


हिवरा आश्रम
१० सप्टेंबर २०२५

चि. पुष्पाले तुह्या मायचे लाख आशीर्वाद.

मले तुह्या बाबासारखं पुस्तकातलं लिहिता येत नाही. जसं बोलते तसं लिहिते. तुह्या खोलीतल्या पोरी हसल्या तर हसू दे.

आधी वाईट गोष्ट सांगते. पोस्टमननं तुह्यं पाकीट तुह्या बाबाच्याच हाती देलं आन् त्यायनं उभ्याउभ्या फोडलं. माह्या हाती आलं तवा ते धुऱ्याकडं निघून गेले होते. सांजेले आले, जेवले, झोपले. तीन दिवस झाले, वही कोनाड्यात पडून हाय.

आता तुले एक गोष्ट सांगते, ते त्यायनं तुले कधी सांगतली नसन. आपल्या आश्रमात जानेवारीत महाप्रसाद होते, तुह्ये बाबा पंगतीत वांग्याची भाजी वाढतात, हे तुले ठावं हाय. डाव्या हाती बादली, उजव्या हाती पळी. चालता चालता वाढतात, पळीकडं पाह्यत नाहीत, एक थेंब सांडत नाही. लग्नाच्या आधीपासून हेच. आमची सोयरीक ठरली त्या साली माह्ये बाबा महाप्रसादाले आले आन् त्यायच्याच पंगतीत बसले. तुह्या बाबानं लांबूनच पाह्यलं. मनाशी म्हणे, आज सांडाले नाही पाह्यजे. पळीकडं डोळे लावून आले, हात जपून जपून पुढं केला, आन् पळीभर भाजी होणाऱ्या सासऱ्याच्या धोतरावर! माह्ये बाबा पंगतीतून उठेपर्यंत हसत होते. तरी पोरगी देलीच.

तवा लेकी, हे काही कमीपणाचं नाही. बापावर गेली तू. मले तुह्या गुणाचं काही समजत नाही. पण तू रडत जेवते का, तेवढं सांग.

घर हाय. तू ये नाहीतर तिथं राय, घर हायच.

तुही,
माय (अन्नपूर्णा)


हिवरा आश्रम
२२ सप्टेंबर २०२५

चि. पुष्पांजलीस बाबांचे अ. उ. आ.

आईच्या नावाचं पत्र मी फोडलं. पाकिटावर तुझं अक्षर दिसलं की नाव कोणाचं ते पाहण्याएवढा धीर मला राहत नाही. चूक माझी.

आधी मला राग आला, तुझा नाही, त्या मॅडमचा. एवढ्या मेहनतीने काढलेल्या सूचना, आणि म्हणे कागद फेक! तीन दिवस मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडलो. मग तुझ्या आईने तुला सासऱ्याच्या धोतराची गोष्ट लिहिली, हे तिनेच मला सांगितलं. त्यावर मात्र भांडता येईना. ती पळी अजून मला दिसते.

मी विचार करत बसलो की तू इथे होतीस तेव्हा मी तुला कितीदा कोपर म्हणायचो. दिवसातून एकदा, फार तर. ते पण जेवायला हाक मारता मारता. बाकी वेळ मी नुसता बाण गोळा करायचो आणि तू मारायचीस. तू गेलीस आणि मला वहीभर सूचना सुचल्या. खरं सांगतो पोरी, त्या तिरंदाजीच्या नव्हत्या. मला तुझ्याशी बोलायचं होतं आणि पोरीशी काय बोलावं ते मला येत नाही. घर सुनं वाटतं असं लिहायला हात धजेना, म्हणून कोपर लिहिलं. तुझी फार आठवण येते असं लिहायचं होतं, तिथे खांदा लिहिला. वेड्यासारखं अकरा वेळा लिहिलं.

आणखी एक सांगून टाकतो. तुला घरी पाठवतील हे वाचलं, तेव्हा पहिल्यांदा मला आनंद झाला. एक क्षणभरच, पण झाला. पोरगी येईल, धुऱ्यावर उभी राहील, असं वाटलं. त्याची मला तुझ्याइतकीच लाज वाटते. तेव्हा आता दोघांची लाज सारखी झाली, तू तुझी सोडून दे.

सोयाबीन कापायला आलं आहे. छकुलीचा पुढचा दात पडला, तो तिने तुला दाखवायला डबीत ठेवला आहे. गाय आटली. आईने लोणच्याची बरणी उघडली आणि तुझ्या वाटचं बाजूला काढून ठेवलं. एवढंच आहे. शेवटी एक ओळ लिहून खोडली आहे, ती उजेडात धरून वाचायची नाही.

चाचणीचं काय व्हायचं ते होवो. आमचा जीव तुझ्यावर आहे, गुणांवर नाही.

तुझा,
बाबा


पुणे,
६ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांना आणि आईला पुष्पाचा सा. न., वि. वि.

खोडलेली ओळ मी उजेडात धरून वाचली. तुम्ही काय शिक्षा करायची ती करा.

बाबा, तुमचं ते पत्र मी संडासात जाऊन वाचलं, कारण खोलीत तिघी होत्या. अकरा सूचनांचा कागद त्याच दिवशी भात्यातून काढला. फेकला नाही, पेटीच्या तळाशी ठेवला. मॅडमनी सांगितलं होतं की हाताला सगळं येतं, डोक्याला दुसरं काहीतरी काम दे. कोणी आकडे मोजतं, कोणी गाणं म्हणतं. काल चाचणीत पहिल्या फेरीला मी आकडे मोजले. मोजता मोजता गुणच मोजायला लागले. छत्तीस बाणांत २९८. दोनदा बाण न सोडताच दोरी सैल करावी लागली. ६२० ला दुसऱ्या फेरीत ३२२ हवे होते, आणि एवढे मी जुलैपासून काढले नव्हते.

मधल्या सुट्टीत झाडाखाली बसले. वाटलं, संपलं. आता घरीच जायचं. आणि घरीच जायचं आहे तर आत्तापासूनच निघू, असं काहीतरी वेडं डोक्यात आलं. मग दुसऱ्या फेरीच्या पहिल्या बाणाला मी मेहकरच्या स्टँडवर उतरले. दुसऱ्याला केळीच्या गाड्या. तिसऱ्याला ती रसवंती, जिथे छकुलीची चप्पल हरवली होती. एका बाणाला एक जागा, वाटेवरची, क्रमाने. पूल आला. चिंचेचं झाड आलं, त्याच्याखालचा बंद पडलेला हातपंप आला. टिक् वाजलं असेल, बोटं उघडली असतील, मला आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच की आश्रमाची कमान आली तेव्हा ऊन पाठीवर होतं. मग गिरणी, मग आपली वळणाची वाट, गोठा, ओटा. चौतिसाव्याला मी चप्पल काढली. पस्तिसाव्याला आत आले. छत्तिसाव्याला आई चुलीपुढे होती आणि तिने मान वर करून पाहिलं.

३२५ पडले. एकूण ६२३.

संध्याकाळी मॅडमनी निवडीची यादी वाचली. माझं नाव आलं आणि मी हमसून हमसून रडले. सगळ्यांना वाटलं आनंदाने. मॅडमनी पाठ थोपटली आणि सांगितलं की निवडलेल्या मुलींचं शिबिर परवापासून, दिवाळीची सुट्टी नाही. पुढे स्पर्धा, त्यानंतर परीक्षा. म्हणजे उन्हाळ्यापर्यंत मी येत नाही.

मला आनंद झाला आहे, खोटं नाही. धनुष्य पुन्हा माझं झालं. पण मी छत्तीस बाण घराकडे चालत होते, बाबा, आणि दारात पोचले म्हणूनच घरी यायचं राहिलं. मला दोन्ही हवं होतं.

छकुलीला म्हणावं, दात सांभाळ. तुम्हा दोघांच्या पायांवर डोकं ठेवते, दुरून ठेवलेलं चालतं का ते कळवावं.

तुमची,
पुष्पा


हिवरा आश्रम
१३ ऑक्टोबर २०२५

॥ श्री गजानन महाराज प्रसन्न ॥

चि. पुष्पांजली हिस बाबांचे आणि आईचे अ. उ. आ.

दुरून ठेवलेलं चालतं. आशीर्वाद पोचला असेल.

पत्र आलं तेव्हा मी सोयाबीनच्या गंजीवर होतो. तिथेच बसून वाचलं. मग तसाच गावात गेलो आणि भेटेल त्याला ६२३ सांगितलं. शाळेत सांगितलं, आश्रमात सांगितलं, गिरणीवर सांगितलं. लोकांनी पाठीवर थापा मारल्या. मला चहा पाजला. भगवंतराव, पोरीनं नाव काढलं, म्हणाले. माझी छाती फुगली होती, ती घराच्या वळणापर्यंत फुगलेली राहिली.

तुझी आई संध्याकाळच्या भाकरी करत होती. मी उभ्याने सगळं पत्र तिला वाचून दाखवलं. तू दारात आलीस आणि तिने मान वर करून पाहिलं, ती ओळ मी दोनदा वाचली. वाचून झाल्यावर तिने विचारलं की म्हंजे दिवाळीले येत नाही काय. मी नाही म्हणालो. ती म्हणाली की बरं झालं, पोरीचं चांगलं झालं. आणि पुन्हा तव्याकडे वळली.

लग्नाला अठरा वर्षं झाली. या बाईच्या हातून भाकरी करपलेली मी पाहिली नव्हती. अंधारात करते, तापात करते, बोलता बोलता करते, तव्याकडे पाहतसुद्धा नाही. त्या दिवशी ती तव्याकडेच पाहत होती, आणि एकामागे एक तीन भाकरी काळ्या झाल्या.

छकुली बोलणार होती, तिला डोळ्यांनी दाबलं. आम्ही तिघांनी त्या खाल्ल्या.

तू तिथे नीट राहा. आम्ही इथे तुझ्या वाटेवर आहोत, उन्हाळा काही लांब नाही असं रोज एकमेकांना सांगतो.

तुझा,
बाबा